टक्केवारीची सिरम की कोरियन दिनचर्या? मर्यादा महिन्याला हजार रुपयांची

निशिगंध

सर्वांना नमस्कार. आमच्या घरात बरेच दिवस चाललेला एक वाद जाणकारांपुढे मांडत आहे.

मी ठाण्यात राहते, वय २९, आणि नोकरीसाठी रोज लोकलने मुंबईत जाते-येते. दुपारपर्यंत माझे कपाळ आणि नाक तेलकट होते, गाल मात्र ओढल्यासारखे कोरडे असतात. गालांवर आणि हनुवटीवर अधूनमधून मुरूम येतात. पण मुरुमांपेक्षा त्यांच्यामागे राहणाऱ्या काळपट डागांचा मला अधिक त्रास आहे, कारण मुरूम आठवड्याभरात बसतो आणि डाग चार-चार महिने हलत नाही. सध्या मी सकाळी १० टक्के नायसिनामाइडचे (बी-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) सिरम आणि रात्री २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड लावते, आणि रविवारी ३० टक्के एएचए (मृत त्वचेचा थर सोलणारी आम्ले) असलेले ते लाल पीलिंग सोल्यूशन. जुने डाग थोडे फिकट झाले आहेत असे वाटते, परंतु अलीकडे साध्या पाण्याने तोंड धुतले तरी गालांची चुणचुण होते.

माझी धाकटी बहीण कोरियन पद्धतीची आहे. ऑइल क्लेन्झर, नंतर फेसाचा क्लेन्झर, टोनर, गोगलगायीच्या स्रावाचे एसेन्स, सेंटेलाचे अँप्यूल, क्रीम, आणि आठवड्यातून एकदा शीट मास्क असा तिचा क्रम असतो. तिचे म्हणणे असे की माझ्या बाटल्या म्हणजे प्रयोगशाळेतील तीव्र रसायने आहेत आणि कोरियन पद्धत त्वचेला सांभाळून घेते; माझे म्हणणे असे की ती सुगंधी पाण्याचे पैसे मोजत आहे. तिची त्वचा माझ्यापेक्षा नितळ आहे हे खरे, पण तिला मुरुमांचा त्रास कधीच नव्हता.

सनस्क्रीन धरून महिन्याला हजार रुपयांपेक्षा अधिक खर्च करण्याची माझी तयारी नाही. या मर्यादेत यांपैकी कोणती वाट धरावी, दोन्ही एकत्र चालतात का, आणि आयात केलेल्या मालाची जादा किंमत नेमकी कशासाठी द्यायची, हे समजून घ्यायचे आहे. नुसती ब्रँडची नावे न सांगता कारणेही सांगितलीत तर आभारी राहीन.

रसायनी

निशिगंध, मी सौंदर्यप्रसाधनांच्या एका कारखान्यात फॉर्म्युलेशन विभागात काम करतो. आमच्याकडे एकाच छताखाली अनेक ब्रँडचा माल तयार होतो, त्यामुळे कोणत्याही एका बाटलीची वकिली करण्याचे मला कारण नाही.

तुमच्या दोघींच्या वादात एक गृहीतक समान आहे आणि तेच मला चुकीचे वाटते. तुमच्या बाटलीत रसायन आहे आणि बहिणीच्या बाटलीत निसर्ग आहे, असे तुम्ही दोघी धरून चालला आहात. प्रत्यक्षात कोरियात कार्यात्मक सौंदर्यप्रसाधने असा कायद्याने ठरवलेला स्वतंत्र वर्ग आहे, आणि रंग उजळणे, सुरकुत्या कमी होणे किंवा उन्हापासून संरक्षण मिळणे असे दावे करायचे असतील तर उत्पादनाला तेथील अन्न व औषध सुरक्षा मंत्रालयाच्या नियमांत बसावे लागते. त्या नियमांत उजळपणाच्या दाव्यासाठी नायसिनामाइडचे प्रमाण २ ते ५ टक्के दिलेले आहे, आर्ब्युटिनचेही २ ते ५ टक्के, आणि सुरकुत्यांसाठी अ‍ॅडिनोसिनचे अवघे ०.०४ टक्के. तेव्हा बहिणीच्या एखाद्या 'तांदळाच्या' सिरममध्ये तुमचेच नायसिनामाइड असण्याची बरीच शक्यता आहे. फरक इतकाच की ते पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेले नसते.

पुढच्या बाजूला टक्केवारी छापण्याची पद्धत कॅनडातील 'द ऑर्डिनरी' या ब्रँडने २०१६पासून लोकप्रिय केली आणि २०२०मध्ये सुरू झालेल्या जयपूरच्या 'मिनिमलिस्ट'ने ती आपल्या बाजारात रुजवली. आपण नेमके कशाचे पैसे देत आहोत हे ग्राहकाला प्रथमच स्वच्छ दिसू लागले, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र त्यातून आकड्यांची चढाओढ सुरू झाली. डागांवर नायसिनामाइड उपयोगी पडते असे दाखवणारे प्रमुख अभ्यास २ ते ५ टक्क्यांचे आहेत. १० टक्क्यांनी परिणाम दुप्पट होत नाही. ५ पेक्षा १० मोठे दिसतात म्हणून तो आकडा बाटलीवर आला, असे माझे स्पष्ट मत आहे. काहींच्या चेहऱ्याला १० टक्क्यांनी लाली आणि चुणचुण होते, हे आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींतही दिसते.

आकडा एकच असला तरी परिणाम एकच असतो असेही नाही. सॅलिसिलिक अ‍ॅसिड पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून ते ग्लायकॉलसारख्या द्रावकात विरघळवावे लागते, आणि त्याचा किती भाग मुक्त आम्लाच्या रूपात राहतो हे द्रावणाच्या पीएचवर, म्हणजे आम्लतेच्या मापावर, अवलंबून असते; हा मुक्त भागच त्वचेत शिरून काम करतो. पीएच ३ असेल तर सुमारे निम्मा भाग मुक्त असतो, पीएच ४ असेल तर दहाव्या हिश्शापेक्षाही किंचित कमी. म्हणजे दोन बाटल्यांवर '२ टक्के' असेच लिहिलेले असताना एक दुसरीपेक्षा कितीतरी अधिक झोंबू शकते. तुमच्या लाल सोल्यूशनबद्दल सांगायचे तर, अमेरिकेत प्रसाधनांच्या घटकांची सुरक्षितता तपासणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने घरगुती वापराच्या उत्पादनांसाठी एएचएची मर्यादा १० टक्के आणि पीएच किमान ३.५ अशी सुचवली आहे. ३० टक्क्यांचे द्रावण प्रशिक्षित व्यक्तीच्या हातून, थोड्या वेळासाठी लावून लगेच धुऊन टाकण्याजोगे मानले आहे.

कोरियन बाटल्यांवरही आकडे असतात: ९६ टक्के गोगलगायीचा स्राव, ७७ टक्के हार्टलीफ (एक औषधी वनस्पती). हे आकडे गाळलेल्या स्रावाचे किंवा वनस्पतीच्या अर्काचे असतात, आणि त्यांचा बहुतेक भाग पाणीच असतो. त्यामुळे ७७ टक्के अर्क आणि १० टक्के नायसिनामाइड या संख्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

खरी माहिती मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते. १ टक्क्याहून अधिक प्रमाणात असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्याखालील घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फिनॉक्सीइथेनॉल हे संरक्षक द्रव्य १ टक्क्यापेक्षा अधिक वापरता येत नाही, म्हणून यादीत त्याच्यानंतर जे काही आले ते १ टक्का किंवा त्याहून कमी आहे असे समजावे. पुढे मोठ्या अक्षरांत जिनसेंग आणि मागे ते फिनॉक्सीइथेनॉलनंतर, असे दिसले की किंमत जिनसेंगची नाही हे कळते. ही युक्ती सगळीकडे लागू पडत नाही, कारण रेटिनॉल किंवा अ‍ॅडिनोसिनसारखे घटक १ टक्क्याच्या आतच काम करतात.

सक्रिय घटक ज्यात मिसळलेला असतो तो बेस मात्र अनेक कोरियन कंपन्या फार चांगला करतात. ग्लिसरिन, पँथेनॉल, सिरामाइड, चिकटपणा न ठेवणारी पातळ इमल्शने यांत त्यांचा हात बसलेला आहे. स्वस्त सिरममध्ये खर्च वाचवण्याची पहिली जागा बेसच असते, आणि गालांची चुणचुण पुष्कळदा घटकापेक्षा द्रावकामुळे होते. आयात मालाच्या जादा किमतीचा एक भाग या कौशल्याचा आहे. उरलेला भाग वाहतूक, आयात शुल्क, नोंदणी आणि मधल्या दोन-तीन हातांचा आहे.

हान_नदीकाठी

मी मूळची कोल्हापूरची, नोकरीनिमित्त सोलच्या दक्षिणेला सुवॉन येथे राहते. निशिगंध यांनी कोरियन उत्पादनांना 'सुगंधी पाणी' म्हटले आहे ते मला अन्यायाचे वाटते, तरी त्यांच्या बहिणीची दिनचर्या म्हणजे कोरियातील रीत, हेही मला मान्य नाही.

दहा पायऱ्यांची दिनचर्या ही मुख्यतः परदेशी ग्राहकांसाठी, विशेषतः अमेरिकेतील दुकाने आणि लेखनातून, २०१५च्या आसपास घडवलेली प्रतिमा आहे. माझ्या कार्यालयातील सहकारी तीन ते पाच गोष्टी वापरतात, आणि गेल्या काही वर्षांत तर 'स्किप-केअर' या नावाने पायऱ्या कमी करण्याकडेच इथे कल आहे. थर देण्याची सवय आली ती हवामानातून. सोलमध्ये जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या खाली असते, घरांची जमीन आतून तापवलेली असते आणि खोलीतील हवा इतकी कोरडी होते की रात्रीतून ओठ फुटतात. अशा हवेत पाणी धरून ठेवणाऱ्या द्रव्यांचे तीन-चार पातळ थर आणि वर क्रीम ही गरज आहे. इथेही जूनअखेरीस पावसाळा सुरू झाला की हवा दमट होते आणि हीच माणसे जाड क्रीम बाजूला ठेवून हलक्या जेलवर येतात. ठाण्याची हवा वर्षातील बहुतेक काळ या पावसाळ्यासारखी असते. तिथे सात थर लावून लोकलच्या गर्दीत उभे राहिले तर घामाखाली छिद्रे बंद होतील, दुसरे काय होणार? नागपूरच्या मे महिन्यातील कोरड्या उन्हात किंवा दिवसभर वातानुकूलित खोलीत बसणाऱ्यांना एखादा जादा थर सोसेल.

कोरियन म्हणजे महाग, हे समीकरणही कोरियात खरे नाही. २०००च्या दशकाच्या आरंभी 'मिशा' या ब्रँडने ३,३०० वॉनला (वॉन हे कोरियाचे चलन) उत्पादने विकून इथला बाजार हलवून टाकला होता. आज 'दाइसो'च्या दुकानांत कोणतीही वस्तू ५,००० वॉनपेक्षा महाग नसते, म्हणजे साधारण ३०० रुपये, आणि तिथे सिरम व क्रीम घेण्यासाठी तरुण मुलांची झुंबड असते. म्हणजे तुम्हा दोघी बहिणींमध्ये जो भेद दिसतो तो बराचसा समुद्र ओलांडल्यावर तयार झालेला आहे. तसेच इथल्या कंपन्या आम्लेही विकतात. 'कॉसआरएक्स'चे ब्लॅकहेडवरील प्रसिद्ध द्रावण बीटेन सॅलिसिलेटचे, म्हणजे सॅलिसिलिकच्याच कुळातील घटकाचे, आहे.

मालिकांत दिसणाऱ्या काचेसारख्या नितळ त्वचेचे, म्हणजे 'ग्लास स्किन'चे, श्रेय बाटल्यांना देण्यापूर्वी इथल्या क्लिनिकांकडेही पाहावे. सोलच्या गंगनाम भागात एकेका इमारतीत अनेक त्वचा-क्लिनिके आहेत, आणि लेझर टोनिंग किंवा बोटुलिनमची इंजेक्शने घेणे ही बऱ्याच जणांसाठी केस कापण्याइतकी सामान्य गोष्ट आहे. टोनर तेच आणले तरी तो भाग बाटलीत येत नाही.

घेण्यासारखे काय, तर दोन गोष्टी. त्वचेला दुखावून काही साधत नाही, ही इथल्या लोकांची धारणा मला पटली आहे. चेहरा घासून, खरवडून, 'किर्र' वाजेपर्यंत धुणे इथे कोणी करत नाही. दुसरी गोष्ट सनस्क्रीनची सवय, जी इथे मुलग्यांमध्येही आहे. पांढरा थर न दिसणारी, क्रीमसारखी सुखद सनस्क्रीन करण्यात हे लोक पुढे आहेत यात शंका नाही. पण आंधळा विश्वास तिथेही नको: डिसेंबर २०२०मध्ये एका अतिशय लोकप्रिय कोरियन सनस्क्रीनवर एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ५०+ छापलेला असताना स्वतंत्र चाचण्यांत ते २०च्या खाली भरल्याचे उघडकीस आले आणि ते बाजारातून काढून घ्यावे लागले.

अबोली

मी त्वचारोग विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. पुढील मजकूर तपासणीला पर्याय नाही, पण प्रश्नात दिलेली लक्षणे बाह्यरुग्ण विभागात रोज दिसणारी आहेत.

साध्या पाण्याने चुणचुण होणे याचा अर्थ त्वचेचा वरचा संरक्षक थर दुबळा झाला आहे. आपल्यासारख्या गव्हाळ ते सावळ्या त्वचेत याला विशेष महत्त्व आहे, कारण आपल्या रंगपेशी कोणत्याही दाहाला मेलॅनिन वाढवून उत्तर देतात. मुरुमामागे राहणारा डाग हे तेच उत्तर असते. दाह मुरुमाचा आहे, तीव्र आम्लाचा आहे, टॉवेलने घासल्याचा आहे की नखाने फोडल्याचा, हा भेद रंगपेशी करत नाही. म्हणून डाग घालवण्यासाठी आठवड्याला ३० टक्के आम्ल लावणाऱ्या व्यक्तीच्या गालावर नवे डाग त्या आम्लाने उमटण्याचा धोका असतो. गोऱ्या त्वचेच्या लोकांनी केलेले व्हिडिओ पाहून आपण ज्या गोष्टी उचलतो त्यांतील ही सर्वांत महाग पडणारी गोष्ट आहे, मग बाटली कितीही स्वस्त असो.

तेव्हा आधी सॅलिसिलिक, नायसिनामाइड आणि पीलिंग हे तिन्ही बंद करावे. साधारण चार आठवडे फक्त सौम्य क्लेन्झर, सुगंध नसलेले मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन. या काळात बहिणीकडील सेंटेलाचे किंवा पँथेनॉलचे काही उसने घेतलेत तर हरकत नाही. सेंटेला म्हणजे आपल्याकडे ओलसर जागी वाढणारी मंडूकपर्णीच. तिच्यातील मॅडेकॅसोसाइडसारखे घटक दाह शमवण्यास मदत करतात. गोगलगायीच्या स्रावाने ओलावा टिकतो, पण डाग त्याने जातील अशी अपेक्षा ठेवू नये.

चुणचुण पूर्ण थांबल्यावर एकच सक्रिय घटक निवडावा. मुरूम आणि डाग या दोहोंवर ज्यांचा पुरावा भक्कम आहे असे दोन पर्याय मी सुचवीन. पहिला अ‍ॅडापलीन ०.१ टक्के, हे रेटिनॉइड कुळातील औषध आहे. रात्री कोरड्या चेहऱ्यावर वाटाण्याएवढे, सुरुवातीला तिसऱ्या रात्री एकदा, आणि सोसले तर हळूहळू वाढवत. पहिल्या काही आठवड्यांत मुरूम किंचित वाढल्यासारखे वाटतात, साल निघते, आणि नेमके तेव्हाच बहुतेक जण ते सोडून देतात. परिणाम ८ ते १२ आठवड्यांनी पाहावा. गरोदर असताना किंवा त्या विचारात असताना रेटिनॉइड वापरू नये. दुसरा पर्याय अझेलिक अ‍ॅसिडचा, १० ते २० टक्के; ते सौम्य आहे, गरोदरपणातही चालते, थोडी खाज येते इतकेच. दुकानातील रेटिनॉल त्वचेत दोन टप्प्यांनी रेटिनॉइक आम्लात बदलून मग काम करते, त्यामुळे मुरुमांसाठी ते अ‍ॅडापलीनच्या जागी घेण्यात अर्थ नाही.

सनस्क्रीनबाबत वरील प्रतिसादांत एक गोष्ट राहिली आहे. मुरुमाचे डाग आणि वांग यांत फरक आहे. दोन्ही गालांवर, कपाळावर किंवा वरच्या ओठावर सारख्या आकाराचे तपकिरी पट्टे असतील तर तो वांग असू शकतो, आणि वांग अतिनील किरणांप्रमाणेच दृश्य प्रकाशानेही गडद होतो. पारदर्शक सनस्क्रीन, मग ती कोरियन असो वा भारतीय, दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेली रंगीत सनस्क्रीन लागते. ज्यांना केवळ मुरुमांचे डाग आहेत त्यांना एसपीएफ ३० ते ५० आणि पीए++++ (यूव्हीए किरणांपासून संरक्षणाची खूण) असलेली, घामातही नकोशी न वाटणारी कोणतीही चालेल.

मुरूम हनुवटी आणि जबड्याच्या कडेने, पाळीच्या आधी वाढत असतील, आणि पाळी अनियमित असेल, तर कोणत्याही देशाच्या सिरमवर पैसे घालण्याआधी पीसीओएसची (संप्रेरकांच्या बिघाडाशी जोडलेला अंडाशयाचा विकार) तपासणी करून घ्यावी. कपाळावर बारीक पुटकुळ्या असतील तर केसांचे तेल हे पहिले संशयित असते.

पै_पै

सगळे शास्त्र वाचले, आता हिशेब मांडतो. एसपीएफची चाचणी त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावून होते. चेहरा आणि मान धरून हे प्रमाण दोन बोटांच्या लांबीएवढे, म्हणजे १ ग्रॅमहून थोडे अधिक भरते. दिवसातून एकदाच लावली तरी महिन्याला ३५ ग्रॅमच्या आसपास लागते, दुपारी पुन्हा लावली तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाही पुरत नाही. भारतीय सनस्क्रीनची अशी ट्यूब ४०० ते ५०० रुपयांत येते, आयात केलेली १,००० ते १,४०० रुपयांत. बाराशेची ट्यूब घेणारा माणूस ती जपून, मटारच्या दाण्याएवढी लावतो, आणि मग बाटलीवरचा ५० हा आकडा चेहऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे सनस्क्रीन महाग घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. कोरियन सनस्क्रीनमध्ये ज्या नव्या फिल्टरांचे (ऊन अडवणाऱ्या घटकांचे) कौतुक होते ते आता भारतीय ट्यूबमध्येही सापडतात.

उरलेला हिशेब असा: सौम्य क्लेन्झर २५० रुपयांचा आणि मॉइश्चरायझर ३०० रुपयांचे, दोन्ही दोन महिने जातात. अ‍ॅडापलीनची १५ ग्रॅमची ट्यूब औषधाच्या दुकानात साधारण २०० रुपयांना मिळते आणि दीड-दोन महिने पुरते. सनस्क्रीनची एक ट्यूब धरून महिन्याचा खर्च साधारण ७७५ ते ९१० रुपये झाला. निशिगंध यांच्या हजारात शे-दोनशे उरतात, त्यांचे शीट मास्क आणले तरी माझी तक्रार नाही. सिरम नावाची वस्तू या यादीत नाही, हे कृपया लक्षात घ्यावे.

रसायनी

पै_पै यांच्याशी एका बाबतीत असहमत आहे. महाग सनस्क्रीन कमी लावली जाते हे खरे, पण चिकट, पांढरी, डोळ्यांत उतरून झोंबणारी स्वस्त सनस्क्रीन तर लावलीच जात नाही. ज्यांना भारतीय जेल-क्रीम मानवत नाहीत त्यांनी इतर सर्व वस्तू स्वस्त घेऊन तेवढी एक कोरियन घेतली तर मी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही. फक्त खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि आयात नोंदणी क्रमांक छापलेला आहे ना, हे पाहावे. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार ते बंधनकारक आहे. निम्म्या किमतीत मिळणाऱ्या आणि फक्त कोरियन अक्षरे असलेल्या बाटलीत काय आहे हे कोणीच सांगू शकत नाही.

निशिगंध

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल आभार. लाल सोल्यूशन आणि दोन्ही सिरम आजपासून बंद करते, आणि चार आठवड्यांनी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवूनच अ‍ॅडापलीनबद्दल ठरवते. माझी पाळी नियमित आहे, मुरूम गालांवरही असतात, आणि पट्टे नाहीत, त्यामुळे वांग नसावा.

एक शेवटची शंका आहे. बहिणीचे लग्न डिसेंबरमध्ये आहे आणि तिच्या पार्लरमधील बाईंनी एक क्रीम सुचवले आहे. साध्या पांढऱ्या डबीत येते, डबीवर नाव नाही, आणि 'कोरियन फॉर्म्युला आहे, पंधरा दिवसांत उजळपणा येतो' असे त्या सांगतात. त्यांच्या इतर ग्राहकांना खरोखरच फरक पडला आहे. हे घेण्यात काही धोका आहे का?

अबोली

घेऊ नये, आणि पार्लरमधील इतर कोणी वापरत असेल तर त्यांनाही सांगावे.

पंधरा दिवसांत दिसणारा उजळपणा नायसिनामाइडने येत नाही आणि कोरियातील कोणत्याही वनस्पतीनेही येत नाही. इतक्या वेगाने फरक पडला की आम्हाला दोन गोष्टींचा संशय येतो. पहिली म्हणजे स्टेरॉइड, बऱ्याचदा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांच्या जोडीला मोमेटासोन. हे मिश्रण वांगासाठी थोड्या काळापुरते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचे औषध आहे. ते गोरेपणाचे क्रीम म्हणून महिनोन्‌महिने लावणाऱ्यांची त्वचा पातळ होते, बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालांवर केस वाढतात आणि मुरूम उसळतात. अशा अनेक स्टेरॉइड क्रीमना सरकारने २०१८मध्ये चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत आणले, ते याच गैरवापरामुळे. पै_पै यांनी दुकानातील किंमत दिली असली तरी अ‍ॅडापलीन दुकानातून स्वतःहून आणू नये असे मी म्हणेन, त्याचेही एक कारण हेच आहे: मिळत्याजुळत्या नावाच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असू शकते.

दुसरी गोष्ट पारा. तो मेलॅनिन तयार होण्याची प्रक्रियाच रोखतो, म्हणून उजळपणा लवकर दिसतो, आणि त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींना स्थानिक क्रीम वापरल्यानंतर मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे आणि त्या क्रीममध्ये मोठ्या प्रमाणात पारा आढळल्याचे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील तपासणीतून पुढे आले होते. २०२३च्या सुरुवातीला त्याच्या बातम्या आल्या.

बहिणीने क्रीम लावायला सुरुवात केली असेल तर ते थांबवावे आणि डबी बरोबर घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. स्टेरॉइड बंद केल्यावर काही दिवसांत लाली आणि पुटकुळ्या उसळतात आणि घाबरून लोक पुन्हा तेच क्रीम लावतात, म्हणून तो काळ डॉक्टरांच्या सल्ल्याने काढणे बरे. पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज येत असेल, किंवा लघवीला फेस येत असेल, तर लघवीतील प्रथिनांची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.